डुलकी न घेणारा डोळा

पाण्याच्या टाकीपाशी चढ लागला तशी लिली थांबली. कारखान्यापासून इथवर पाऊण तास ती आणि रिबेका चालत होत्या. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. हात म्हणायचा तो सवयीनं; खरं तर एक अंगठा आणि त्याच्यामागे बँडेजचा गोळा. डाव्या हातानं तिनं झोळी वर सारली आणि रिबेकाच्या बाहीकडे बोट केलं.

"ते घरी गेल्या गेल्या थंड पाण्यात टाक. रक्त वाळलं की काही केल्या निघत नाही."

रिबेकानं बाही आत दुमडली. यंत्रवाल्या अमनोनच्या तोंडातलं रक्त होतं ते. दुपारी बाराच्या सुमारास लिलीच्या नवऱ्यानं, पिन्हासनं, त्या अमनोनला कॅनव्हासच्या गठ्ठ्यांवर पाडून ठोसे घातले तेव्हा सोडवायला पहिली रिबेकाच धावली होती. तिच्यानं काय सुटतोय! चार गडी लागले. मग पिन्हासला पोलीस घेऊन गेले, अमनोनला दोव मॅनेजरच्या गाडीतून इस्पितळात नेलं, आणि सगळ्यांच्या जबान्या होईस्तोवर शुक्रवारची शेवटची बस निघून गेली. दोव परत आला आणि म्हणाला, बसा गाडीत, सोडतो डिमोनापर्यंत.

"त्या गाडीत त्याचे दात सांडले असतील," लिली म्हणाली होती. "मी नाय बसायची." आणि तिनं सरळ रस्ता धरला होता.

अंगावर वारा येत होता, त्यात वाळू. नोव्हेंबरचा दिवस, पावणेपाचला सूर्य बुडणार, त्याच्या आत शब्बाथचे दिवे लावायचे. चालत आणखी दीड तास तरी होता. रिबेकानं मनात हिशेब केला आणि पाय उचलला. पण लिलीच्या पुढं जायचं धाडस तिला होईना. तीन आठवडे झाले, लिलीच्या डोळ्याला डोळा देणंच तिला जमत नव्हतं.

लिली पेझारकर मूळची अलिबागकडची. आजोबांचा तेलाचा घाणा होता. घराणं ज्यू, शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद, म्हणून सगळं गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. लिली पाच वर्षांची असताना तिनं चालत्या घाण्याच्या तोंडाशी हात नेला. आजोबांनी भर अंगणात तिला अशी थोबाडीत दिली की ती घाण्याच्या बैलासमोर जाऊन पडली. ओठ फुटला. आजोबांनी आयुष्यात तिच्यावर हात उचलला तो तेवढाच. "त्या थोबाडीनं माझी दहाही बोटं राखली," असं ती कारखान्यात नव्या आलेल्या बायकांना ओठाची खूण दाखवून सांगायची.

पुढं लग्न होऊन ती माझगावला आली, बिस्किटांचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा कापायला लागली. पिन्हास गोदीत फिटर. त्रेसष्ट साली दोघं नऊ वर्षांच्या लेकीला, नाओमीला, घेऊन इस्राएलला आली आणि एका लॉरीनं त्यांना थेट डिमोनात आणून उतरवलं. चहूकडे वाळू बघून लिलीनं विचारलं होतं, "गाव कुठाय?" लॉरीवाला म्हणाला होता, "तुम्ही आलात ना, आता होईल."

गाव झालं. पिन्हासला खनिजांच्या कारखान्यात काम मिळालं, लिलीला सैन्याच्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यात. तिथं ती कापणीच्या प्रेसवर उभी राहायची. कॅनव्हासचे पंचवीस थर एकावर एक, त्यावर सुरीसारख्या धारेचा लोखंडी साचा ठेवायचा, वरून जड पोलादी पाट खाली येतो आणि पंचवीस तुकडे एका दणक्यात कापले जातात. साचा कुठं ठेवायचा यातच सगळी कला. इतर बायका एका पट्टीतून सतरा तुकडे काढत, लिली एकोणीस काढायची. साचा तिरपा धरून, बोटाच्या पेरानं अंतर मोजून.

त्या वेळी पाट खाली आणायला दोन बटणं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पाट हलायचा नाही. म्हणजे पाट पडताना बाईचे दोन्ही हात बाहेरच. लिलीला ही पद्धत फार आवडायची. "हे मशीन माझ्या आजोबांच्या विचाराचं आहे," असं म्हणायची.

त्र्याहत्तर साली योम किप्पुरचं युद्ध झालं आणि पिशव्यांची मागणी दुप्पट झाली. दोन बटणांनी काम हळू होतं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. पुढच्या वर्षी शाबुओथच्या सणाच्या सुमारास, मे महिन्यात, तेल अवीवच्या एका कंपनीचा माणूस आला. तोच हा अमनोन. पांढराशुभ्र शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि दात असे की त्यांच्याकडेच बघत राहावं.

त्यानं आणला होता विजेचा डोळा. प्रेसच्या एका बाजूला छोटा दिवा आणि तो डोळा, दुसऱ्या बाजूला सायकलच्या मागं असते तशी लाल चकती. दिव्याचा झोत चकतीवर आपटून डोळ्याकडं परत येतो. मध्ये हात आला की झोत अडतो आणि पाट जागच्या जागी थांबतो. हात निघाला की पाट आपोआप खाली. बटणं नकोत, वाट बघणं नको.

बायकांना गोळा करून अमनोननं आधी डोळा बंद केला आणि पाटाखाली कलिंगड ठेवलं. दणका बसला. लाल पाणी पुढच्या बायकांच्या तोंडावर उडालं, त्या किंचाळल्या. मग त्यानं डोळा चालू केला, त्याच ओल्या टेबलावर आपला उघडा हात ठेवला आणि दात दाखवत उभा राहिला. पाट हलला नाही.

नंतर त्यानं रंगीत कागद वाटले. बायकांचं हिब्रू बाजारापुरतं. रिबेका अलिबागला मराठी सातवीपर्यंत शिकलेली, इथं येऊन हिब्रूही तिनं मन लावून शिकून घेतलेलं. डिमोनातल्या अर्ध्या बायकांची सरकारी पत्रं तीच वाचून दाखवायची. म्हणून दोवनं तिला पुढं बोलावलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की या डोळ्याला डुलकी लागत नाही, झोप लागत नाही. प्रार्थनेत इस्राएलच्या राखणदाराबद्दल म्हणतात तेच शब्द! ते वाचताना रिबेकाचा आवाज आपोआप मऊ झाला.

तेव्हा लिलीनं मागून विचारलं होतं, "रिबेका, विचार ग त्याला, बांगड्या-बिंगड्या चालतील काय? नाओमीच्या लग्नात चुडा भरला की तो काढता यायचा नाही."

रिबेकानं विचारलं. अमनोन खदखदून हसला. "सोनं घाला, हिरे घाला, राणीसारख्या नटून या. डोळा सगळं बघतो."

रिबेकानं ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं, आणि वर आपल्या पदरचं जोडलं, "बायांनो, देवाचे शब्द छापलेत. त्यावर कुणी खोटं बोलेल होय?"

त्या आठवड्यात बायकांनी कारखान्यातच मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, खजूर. संदेष्ट्या एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन, आता कुणाची बोटं जाणार नाहीत म्हणून. अमनोननं दोन बशा खाल्ल्या. कागद कुणी फेकला नाही. देवाचे शब्द असलेला कागद फेकायचा कसा? लिलीनं तो घडी घालून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

पाच महिने काही झालं नाही. ऑक्टोबर संपता संपता नाओमीचं लग्न आलं. मेंदीच्या रात्री मुंबईहून आलेल्या आत्यानं नवरीला आणि नवरीच्या आईला चुडा भरला. काचेच्या हिरव्या बांगड्या, वर रुंद सोनेरी पट्टे, एका हातात अकरा. लग्न लागेपर्यंत उतरवायच्या नाहीत ही त्यांच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी लिली तशीच कामावर आली. "बघा ग राणीला!" म्हणून बायकांनी तिची थट्टा केली.

दहा वाजले असतील. रिबेका शेजारच्याच प्रेसवर होती. तिला आधी आवाज आला. नेहमीचा दणका नव्हे, काही ओलं, काही कडक एकदम फुटल्याचा. तिनं मान वळवली. लिलीचा हात मनगटापर्यंत पाटाखाली होता. लिली ओरडत नव्हती. ती डाव्या हातानं पाटाला वर ढकलत होती, जणू दार उघडायचंय. मग पाट आपल्या नियमानं वर गेला, आणि पुन्हा खाली आला. बांगड्या अजून झोतातच होत्या ना. डोळ्याच्या मते आत कुणी नव्हतं. दुसऱ्या दणक्याला लिलीच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. रिबेकानं तिला कमरेला धरून मागं ओढलं आणि दोघी जमिनीवर आपटल्या. पंचवीस थर लाल झाले होते. साच्यात चार बोटं तशीच राहिली होती, मेंदी लावलेली.

बेरशेबाच्या इस्पितळात डॉक्टरांनी दोन तास नुसती काच वेचली.

दुसऱ्या दिवशी दोवनं रिबेकाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कंपनीचं पत्र होतं. "दागिने काढून काम करा असं अमनोननं तोंडी सांगितलं होतं, असं कंपनी म्हणते. त्याचं हिब्रू तूच ऐकलंस. नीट आठव. तुला इथं अकरा वर्षं झाली, नाही का?"

रिबेकाच्या घरी आजारी सासू, दोन मुलं, आणि नवरा युद्धात पाय गमावून बसलेला. ती म्हणाली, "मला आठवत नाही."

दोवनं ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून रिबेका रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहिली की त्याच डुलकीच्या आणि झोपेच्या शब्दांपाशी अडायची.

लग्न लांबणीवर पडलं, येत्या मंगळवारवर. आणि आज, शुक्रवारी, सरकारचा एक म्हातारा तपासनीस आला. दोव होता, अमनोन होता. लिली आली तीन आठवड्यांनी, पिन्हासच्या आधारानं.

अमनोन म्हणाला, यंत्रात दोष नाही, बाईंनीच डोळ्याला हात लावला असेल. लिलीच्या डाव्या हातातला चुडा अजून तसाच होता. तिनं तो हात पिन्हाससमोर धरला. पिन्हासनं साबण लावून एकेक बांगडी काढली. लिलीनं त्या अमनोनसमोर टेबलावर ठेवल्या.

"घाल," ती आपल्या तोडक्या हिब्रूत म्हणाली. "घाल आणि हात ठेव. त्या दिवशी ठेवला होतास ना, हसत?"

अमनोन हसला. बांगड्या त्याच्या हातात चढणाऱ्या नव्हत्या, पण कुणी त्याला मनगटाशी नुसत्या धरायला सांगितलं तरी तो हात पुढं करीना. उजवा हात खिशात घालून म्हणाला, "हा काय पोरखेळ आहे?"

म्हाताऱ्या तपासनीसानं त्या खिशातल्या हाताकडं जरा वेळ बघितलं. मग कोपऱ्यातला झाडू मागवला. झाडूचा दांडा पाटाखाली धरला, पाट थांबला. दांड्याला बांगड्या चढवल्या, बांगड्या बरोबर झोतात आणल्या. पाट खाली आला आणि दांड्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या झाडूचेही झाले. तपासनीस म्हणाला, "चकाकणारी वस्तू झोत परत पाठवते. तुमच्या डोळ्याला ती लाल चकतीच वाटते. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की!" अमनोन चटकन म्हणाला. "म्हणून तर बायकांना बजावलं होतं, दागिने काढा. मॅनेजरसाहेबांना विचारा. आम्ही याच्या उलट काही बोलल्याचं या दुभाषी बाईंनासुद्धा आठवत नाही."

सगळ्यांनी रिबेकाकडं पाहिलं. रिबेकानं जमिनीकडं पाहिलं.

पिन्हासनं उभ्या जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. गोदीतले लोक त्याला गाय म्हणायचे. त्यानं अमनोनची कॉलर धरली, पहिला ठोसा त्या पांढऱ्या दातांवरच घातला, आणि तो पडल्यावर त्याच्या छातीवर बसला. गोदीतला हात तो. "आता बघ! आता सगळं बघतोस का!" असं मराठीत ओरडत होता आणि मारत होता. एक दात रिबेकाच्या पायाशी येऊन पडला. चौघांनी ओढलं तरी त्याची मूठ उघडेना. लिली उभी राहून बघत होती. तिनं एकदाही "थांबा" म्हटलं नाही.

सगळं आटपल्यावर फाटकापाशी दोवनं लिलीला गाठलं. आवाज खाली आणून बोलला, रिबेकानं ते लिलीला मराठीत सांगितलं. पुन्हा तीच दुभाषी! दागिने काढायला सांगितलं होतं, आपण विसरलो, असं लिलीनं रविवारी सकाळी तपासनीसासमोर सही करून द्यायचं. मग अमनोन तक्रार मागं घेईल आणि पिन्हास मंगळवारी मुलीच्या लग्नाला घरी असेल. नाहीतर लग्न बापाशिवाय.

टाकीच्या पुढं उतार लागला. डिमोनाची घरं आता दिसत होती, पांढरी, एकसारखी. सूर्य डावीकडं टेकडीला चिकटायला आला होता.

"लिलीबाय," रिबेकानं धीर करून म्हटलं, "सही करून टाक. पिन्हासभाऊ नसतील तर नाओमीला हुप्पाच्या मांडवाखाली कोण नेणार?"

"तुला बरं पडेल, नाही?" लिली म्हणाली.

रिबेकाच्या कानशिलावर कुणी मारल्यासारखं झालं. लिली मात्र हसत होती. राग असा तिच्या तोंडावर नव्हता.

"चिडू नकोस. तुला ठाऊक आहे का, नाओमी लग्नानंतर किर्यात गातला जाणार? जावई शमुएल आहे त्याच कारखान्यात तिची जागा ठरलीय. कापणीवर. माझी लेक म्हणून मोठ्या कौतुकानं घेतलंय तिला." लिलीनं झोळी सावरली. "काल तिला विचारलं, तिथं बटणं आहेत का ग? ती हिब्रूत म्हणाली, कसली बटणं, ईम्मा? डोळा आहे. भिंतीवर तोच कागद लावलाय. आणि नवी नवरी म्हणजे हातभर चुडा."

रिबेका थांबली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. वाळूचा एक लोट दोघींच्या पायांवरून गेला.

"मी सही केली तर चूक माझी ठरते," लिली म्हणाली. "चूक माझी ठरली की डोळा बरोबर. मग तो किर्यात गातलाही बरोबर, आणि अजून कुठं कुठं असेल तोही. मी सही करणार नाही. यांना मारायचं होतं, मारलं. बसू देत आत. मंगळवारी नाओमीला मी नेईन. उरलेल्या हातानं धरून."

"मग तपासनीस—"

"तपासनीस भला माणूस आहे. पण त्याच्यापुढं काय आहे? तो कागद माझ्या पुस्तकात आहे, त्यात दागिन्यांचं नाव नाही. अमनोन म्हणेल, तोंडी सांगितलं. आम्हा बायकांची साक्ष काय कामाची? आम्ही अमनोनला ऐकलंच नाही, आम्ही तुला ऐकलं."

रिबेकाला रडू कोसळलं. रस्त्यातच खाली बसून ती म्हणाली, "मला आठवतंय, लिलीबाय. पहिल्या दिवसापासून सगळं आठवतंय. मी घाबरले. आणि मी वरून आपल्या मनानं जोडलं, देवाचे शब्द म्हणून. तुझा हात मी घातला आत."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तू इस्पितळात आलीस आणि माझ्याकडं न बघता संत्री सोलत बसलीस ना, तेव्हापासून. आठ संत्री सोललीस. खाणार कोण होतं?" लिलीनं डावा हात पुढं केला. मनगट मोकळं होतं, जिथं चुडा होता तिथं फिकट पट्टा. "ऊठ. दिवे लावायचेत."

रिबेका तो हात धरून उठली. तो हात लोखंडासारखा घट्ट होता. वस्तीच्या पहिल्या घराच्या खिडकीत कुणी तरी दिव्यांची तयारी करत होतं. तिथून दोघींचे रस्ते फुटत होते. लिली कोपऱ्यावर वळली, आणि मान मागं करून म्हणाली,

"उद्या शब्बाथ. उद्या काही बोलू नकोस, कुणाशीच. रविवारी आठला मी तुला घ्यायला येते. तपासनीसासमोर पहिल्यापासून सांग, अमनोननं काय म्हटलं ते, आणि तू वर काय जोडलंस तेसुद्धा. काही गाळू नकोस. एवढं माझ्यासाठी आठव."